अनंत ब्रह्मांडं आणि एक वासरू



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय १३ आणि १४.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. गोकुळातला हा मुलगा नेमका कोण, हे बघायला ब्रह्मदेवाने आधी वासरं पळवली, मग गोपाळही पळवले. कृष्णाने आरडाओरडा केला नाही. तो स्वतःच ती सगळी वासरं झाला आणि सगळे सवंगडीही झाला. वर्षभर कुठल्या आईला शंका आली नाही, कुठल्या गाईलाही नाही. उलट लेकरांवरची माया वाढलीच. ब्रह्मदेव परत आला तेव्हा त्याच्या हिशेबाने जेमतेम क्षणभर गेला होता. समोरचं पाहून तो हंसावरून उतरला आणि त्याने दंडवत घातला.

मग तो स्तुती करतो. त्यातल्या एका विचारापाशी आज थांबू. त्याचा भावार्थ असा : मी या ब्रह्मांडाचा कर्ता खरा, पण माझा देह माझ्याच हाताने मोजला तर सात वितींचा. आणि देवा, तुझ्या एकेका रोमरंध्रातून अशी असंख्य ब्रह्मांडं ये-जा करतात, खिडकीतल्या कवडशात धूळ तरंगावी तशी.

म्हणजे एका सर्व्हरचा ॲडमिन ऐटीत आला आणि त्याला कळलं की असे सर्व्हर मोजायलाच कुणी बसलेलं नाही!

माझा मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या वडिलांचं आजारपण बरेच महिने चालू आहे. मध्यंतरी त्याने विचारलं, "दादा, विश्वात दुसरीकडेही जीव असतील, तर त्यांचा देव कोण? आणि एवढ्या गर्दीत माझी हाक विठोबाला ऐकू तरी येते का?" पहिला प्रश्न त्याने हसत विचारला होता, दुसरा हसत नव्हता. म्हणून हा विषय नुसता कुतूहलाचा म्हणून सोडून देता येत नाही.

आधी आपल्याला काय माहीत आहे ते बघू. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि डिडिए क्वेलोझ यांनी जाहीर केला. त्यासाठी त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. २०२२ मध्ये नासाच्या यादीतले असे ग्रह ५,००० च्या पुढे गेले. त्यातले काही आपल्या ताऱ्यापासून अशा अंतरावर आहेत की पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. पण जीव? आजपर्यंत एकाही ठिकाणी पक्का पुरावा नाही. १९५० मध्ये एन्रिको फर्मी यांनी जेवणाच्या टेबलावर सहकाऱ्यांना जे विचारलं, की मग सगळे आहेत कुठे, तो प्रश्न अजून तसाच उभा आहे.

अर्थात लॉगमध्ये नोंद नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असं कुठलाही इंजिनिअर म्हणणार नाही. तो आधी विचारेल, लॉगिंग कुठे आणि किती वेळ चालू होतं? आपण आकाशाचा फार थोडा भाग, फार थोडा काळ ऐकला आहे. म्हणून 'आहे' म्हणायची घाई नको आणि 'नाही' म्हणायचीही नको.

इथे आपल्या मंडळींना एक मोह होतो. "बघा, भागवतात अनंत ब्रह्मांडं सांगितलीच होती, विज्ञानाला आत्ता कळतंय!" मला हे पटत नाही. भागवत म्हणजे ग्रहांची यादी नव्हे. ब्रह्मदेवाला त्या क्षणी नवी माहिती मिळाली म्हणून तो नमला नाही, त्याचा 'मी' उतरला म्हणून नमला. तोच श्लोक घेऊन आपण 'आमचं कसं आधीच बरोबर होतं' म्हणत छाती फुगवायची, म्हणजे श्लोक उलटा वाचण्यासारखं आहे.

जयंत नारळीकर सरांचं उदाहरण बघा. जीवसृष्टीची बीजं अंतराळातून आली असतील का, हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. इस्रोच्या फुग्यांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून हवेचे नमुने आणले. २००९ मध्ये त्यांतल्या सूक्ष्मजीवांच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. तरीही, यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं सिद्ध होत नाही, हेही तेव्हाच सांगितलं गेलं. आपल्याला हवं तेच उत्तर समोर खुणावत असताना थांबणं, हीसुद्धा मला एक साधनाच वाटते.

मग भागवत या प्रश्नाला काही देतं की नाही? देतं. तिकडे जीव आहे की नाही, हे ते सांगत नाही. 'मी एकटाच खास असलो पाहिजे' हा आपला हट्ट मात्र ते काढून घेतं.

नीट बघा, ज्याच्या रोमारोमात ब्रह्मांडं आहेत, तोच त्या वर्षी वासरू झाला होता. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. एकेका वासराची ओळख त्याने इतकी चोख सांभाळली की गाईही फसल्या. अनंत असणं म्हणजे लहानाकडे लक्ष नसणं, असं आपण धरून चालतो. कारण आपलं लक्ष मर्यादित आहे. दहा टॅब उघडले की अकरावा विसरतो. देवाचं लक्ष असं वाटलं जात नाही, हेच तर या गोष्टीचं मर्म आहे. तिकडे कुणी असेल, तर त्याच्या वाट्याला आलेलं प्रेम माझ्या वाट्यातून वजा होत नाही. भावाला मी एवढंच सांगू शकलो. वडील बरे होतील का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण गर्दीमुळे हाक हरवत नाही, हे मी भागवताच्या भरवशावर म्हणतो.

आता दुसरी बाजू. परका जीव भेटला, तर आपण त्याला काय मानू? याची परीक्षा द्यायला दूरच्या ताऱ्यावर जावं लागत नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे कान लावून आहेत. २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण संदेश या तबकड्यांनी टिपला होता. आणि त्याच तालुक्यात आळे गावी, माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी आहे.

पैठणच्या विद्वानांचा सवाल काय होता? सगळ्यांत आत्मा एकच, तर या रेड्यातही आहे का? माउलींनी त्याला 'हो' म्हटलं. रेड्याच्या पाठीवरचा आसूड त्यांच्या पाठीवर उमटला, असं सांगतात. ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, ज्याचा देह आपल्यासारखा नाही, त्याच्यातही तोच आहे, हे मान्य करणं म्हणजे परग्रहावरच्या जीवाचा प्रश्न इथेच, गोठ्यात सोडवणं.

१९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि मराठीतला नमस्कारही आहे. अनोळखी जीवाला आपण इतक्या प्रेमाने हाक घातली. सोसायटीच्या वॉचमनला आणि गेटवरच्या कुत्र्याला ती कधी घालतो?

आणि समजा, उद्या कळलं की कुठेच कुणी नाही. मग तर हे एकच अंगण, आणि त्यातलं प्रत्येक रोप आणखी मोलाचं. उत्तर काहीही येवो, आपलं काम तेच राहतं.

ब्रह्मदेवाने शेवटी काय मागितलं, आठवतं? दुसऱ्या ब्रह्मांडाचं राज्य नाही. याच व्रजात कुठलाही क्षुद्र जन्म दे, म्हणजे इथल्या लोकांची पायधूळ अंगावर पडेल.

आजचा नेम : रात्री गच्चीवर जाऊन पाच मिनिटं आकाश बघा, पण खाली उतरताना पहिला जो जीव दिसेल, माणूस, मांजर, पाल, कुणीही, त्याला मनातून नमस्कार करा.

राम कृष्ण हरी.