घडीघडीचा भाव आणि गृहस्थाची कोठी

एखाद्या वस्तूचा भाव त्या त्या घडीच्या टंचाईप्रमाणे ठरावा, की तो गृहस्थाला आगाऊ ठाऊक असावा व काही काळ तरी स्थिर राहावा, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. विजेच्या बाबतीत तो आता विद्वानांच्या चर्चेपुरता उरलेला नाही. इंदूरच्या घराघरांत भिंतीवर बसविलेल्या नव्या स्मार्ट मीटरांमुळे तो दाराशी येऊन उभा राहिला आहे. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार शेती वगळता सर्व ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत वेळेप्रमाणे बदलणारे दर लागू व्हावेत, उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा निदान 20 टक्के कमी असावा आणि चढत्या मागणीच्या तासांत घरगुती ग्राहकाला तो निदान 10 टक्के अधिक असावा, असे ठरले. मध्य प्रदेशात 2025-26 च्या दरादेशाने स्मार्ट मीटर असलेल्या लहान ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील विजेवर 20 टक्के सूट दिली. कोकण किनाऱ्यावरील आमच्या वाचकांनी हा विषय दूरच्या माळव्याचा मानू नये. नियम साऱ्या देशासाठी आहे, आणि आपली बहुतेक सर्व वीज बाहेरून आणणाऱ्या गोव्याला तर घाऊक बाजाराच्या चढउताराशी निकटचा संबंध आहे.

हा चढउतार मुळात का होतो, ते प्रथम पाहू. देशातील वीज-विनिमय केंद्र 2008 साली सुरू झाले. तेथे दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडून प्रत्येक भागाचा भाव वेगळा ठरतो. दुपारी सूर्य माथ्यावर असता वीज मुबलक असते. माळव्यातच नीमचच्या सौर प्रकल्पासाठी 2021 साली युनिटला 2 रुपये 14 पैसे इतक्या नीचांकी दराची बोली लागली. सूर्य मावळतो आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे व शेगड्या सुरू होतात. मग महागडी वीजकेंद्रे चालवावी लागतात. 2022 च्या मार्चमध्ये विनिमय केंद्रावर युनिटचा भाव 20 रुपयांपर्यंत चढला होता. त्यामुळे नियामक आयोगाने एप्रिल 2022 मध्ये 12 रुपयांची व 2023 मध्ये 10 रुपयांची मर्यादा घातली.

बदलत्या भावाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो हलक्या हाताने बाजूस सारण्यासारखा नाही. एकच सपाट दर दिसायला समान असला तरी तो न्याय्य असतोच असे नाही. दुपारी मिक्सर चालविणारी वृद्धा आणि रात्री आठ वाजता तीन खोल्या गार करणारा धनिक या दोघांना युनिटमागे एकच दर लावला, तर धनिकाच्या वापराने वाढलेल्या खर्चाचा काही अंश त्या वृद्धेच्या बिलात जाऊन बसतो, आणि तो दिसत नसल्यामुळे कोणी त्याविरुद्ध तक्रारही करीत नाही. शिवाय दुपारची स्वस्त वीज वाया जावी आणि रात्रीसाठी कोळसा जाळावा, हे समाजाच्याही हिताचे नव्हे. खरा खर्च ग्राहकाला दिसला पाहिजे, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे.

तथापि खर्च दिसणे आणि त्या खर्चाचा सारा धोका माथी येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. इंदूरला हा भेद नव्याने शिकविण्याची गरज पडू नये. हे शहर कापसाच्या सट्ट्यासाठी एके काळी देशभर गाजले. सर सेठ हुकुमचंदांना लोक कापसाचे राजे म्हणत. भावाच्या लाटेवर स्वार होणे हा त्या व्यापाऱ्यांचा व्यवसाय होता. त्यासाठी लागणारे भांडवल, बातमी आणि धाडस त्यांच्याजवळ होते. परंतु छावणीच्या धान्यबाजारात गव्हाचा भाव रोज हलत असूनही सामान्य गृहस्थाची झोप का उडत नसे? कारण तो सुगीच्या दिवसांत वर्षाचा गहू भरून ठेवी. घरातील कोठी हे त्याचे भावाविरुद्धचे चिलखत होते. ज्याला साठविता येते, त्याला बदलता भाव सोसतो; किंबहुना त्याचा लाभही घेता येतो. ज्याला साठविता येत नाही, त्याच्यापुढे बदलता भाव हुकूम होऊन येतो.

विजेला घरात कोठी नाही, हीच या प्रश्नातील मुख्य अडचण आहे. बॅटरी ही कोठी खरी, पण ती अजून सामान्य संसाराच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून घरातील कोणती कामे थांबू शकतात व कोणती नाहीत, हेच पाहावे लागते. 1978 साली नर्मदेचे पाणी इंदुरास पोहोचले. ते सुमारे 70 किलोमीटरांवरील जलूदहून, चढ चढवून आणावे लागते. त्या पाण्याच्या विजेचा खर्च इतका जड आहे की महापालिकेने 2023 साली 244 कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढून जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. तेच पाणी घराच्या हौदात उतरल्यावर गच्चीवरील टाकीत चढविण्यासाठी घरची मोटर लागते. ही मोटर सकाळी सातऐवजी अकराला लावली तर कोणाचे काही बिघडत नाही. गच्चीवरची टाकी ही तेवढ्यापुरती विजेची कोठीच आहे. कपडे धुणे, इस्त्री, दळण हीही थांबू शकणारी कामे. पण संध्याकाळचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यासाचा दिवा, आजाऱ्याच्या उशाशी असलेले यंत्र आणि मे महिन्यातील रात्रीचा पंखा यांना थांबा म्हणता येत नाही.

आता लाभाचा हिशेब करू. एखाद्या कुटुंबाने रोज दीड युनिटाचे काम दुपारी हलविले, म्हणजे महिन्याला 45 युनिटे, आणि ऊर्जादर सहा रुपये धरून त्यावर 20 टक्के सूट मिळाली, तर बचत 54 रुपयांची होते. दुपारी जो वापर आधीपासूनच होता त्यावरील सूट वेगळी. ती काही न करता मिळते. ही रक्कम तुच्छ नव्हे, पण तिच्या मोबदल्यात काय द्यावे लागते तेही पाहावे. स्वस्त तास सुरू होतात तेव्हा मिळवते पुरुष, नोकरी करणाऱ्या स्त्रिया व शाळेची मुले घराबाहेर पडलेली असतात. मागे गृहिणी किंवा वृद्ध सासूबाई घरी असल्या, तर घड्याळाकडे पाहून यंत्रे लावण्याचे काम त्यांच्याकडे येते. दोघेही कामावर जाणाऱ्या घराला किंवा एकाच खोलीत राहणाऱ्या मजूर कुटुंबाला हलविण्यासारखे फारसे काही नसते. म्हणजे ज्याच्याजवळ मोठी टाकी, अनेक यंत्रे आणि मोकळा वेळ आहे, त्याला हा दर अधिक फळतो. हा अन्याय कोणी हेतुतः केलेला नाही. परंतु तो पाहिल्यावाचून दराला न्याय्य म्हणणे बरोबर होणार नाही.

येथपर्यंतचा विचार घड्याळाप्रमाणे आगाऊ जाहीर झालेल्या दराचा झाला. काहीजण याहून पुढे जाऊन घाऊक बाजाराचा भावच जसाच्या तसा घरापर्यंत आणावा असे म्हणतात. त्यांनी अमेरिकेतील टेक्सास राज्याचा अनुभव ध्यानी घ्यावा. तेथे ग्रिडी नावाची कंपनी महिन्याला सुमारे दहा डॉलर घेऊन घाऊक भावाने वीज देत असे, आणि एरव्ही ग्राहकांचा फायदाही होत असे. फेब्रुवारी 2021 मध्ये भयंकर हिमवादळ आले, वीजकेंद्रे गोठली आणि घाऊक भाव युनिटला 9 डॉलर या कमाल मर्यादेवर जाऊन कित्येक दिवस तेथेच राहिला. कडाक्याच्या थंडीत घर ऊबदार ठेवणाऱ्या कुटुंबांना हजारो डॉलरांची बिले आली. कंपनीने मार्चमध्ये दिवाळे जाहीर केले, आणि त्याच वर्षी राज्याने घरगुती ग्राहकांसाठी अशा योजनांवर बंदी घातली. त्या ग्राहकांनी करार स्वेच्छेने केला होता, हे खरे. परंतु वीज सोडून देणे ज्या घडीला सर्वांत अशक्य, त्याच घडीला तिचा भाव सर्वांत चढा असेल, तर स्वेच्छा या शब्दाला कितीसा अर्थ उरतो?

म्हणून आमचे मत असे आहे. घरगुती ग्राहकाला वेळेचे भान देणारा दर लाभदायकही आहे आणि योग्यही आहे, पण काही अटींवर. तो आगाऊ जाहीर झालेला असावा. त्याचे तास महिन्यामहिन्याला बदलू नयेत. लहान ग्राहकाला तो प्रथम सुटीच्या रूपाने मिळावा, आणि संध्याकाळचा जादा आकार लावणे भागच असेल तर स्वयंपाक व दिवाबत्तीपुरत्या युनिटांना त्यातून वगळावे. घाऊक बाजारातील अनिश्चितता मात्र वितरण कंपनीने आणि मोठ्या ग्राहकाने वाहावी. दीर्घ मुदतीचे करार, राखीव भांडवल व जाणकार माणसे ही त्यांची कोठी आहे. ज्याच्याजवळ कोठी आहे त्याने चढउतार सोसावा, हा जुना व्यवहार धान्याप्रमाणे विजेलाही लागू पडतो.

इंदूरच्या गृहस्थाने दुपारची सूट अवश्य घ्यावी, मोटर अकराला लावावी, इस्त्री उन्हे असताना उरकावी. परंतु ही बचत करताना घरातील कोणाची विश्रांती आपण खर्ची घालीत आहोत याचाही हिशेब त्याने ठेवावा. तो हिशेब मीटरवर उमटत नाही. तो घरातील माणसांनीच एकमेकांशी बसून करावयाचा असतो.