सांगोला: निम्म्या मतांचा बालेकिल्ला

सांगोला विधानसभा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुख अकरा वेळा निवडून आले, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असतं. 1995 साली ते अवघ्या 192 मतांनी पडले, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं. 2019 मध्ये आबासाहेब स्वतः उभे नव्हते, नातू अनिकेत देशमुख रिंगणात होते. तेव्हा शिवसेनेत असलेल्या याच शहाजीबापूंनी शेतकरी कामगार पक्षाला पुन्हा हरवलं, 768 मतांनी. एकाला 99 हजारांच्या वर मतं, दुसऱ्याला 98 हजारांच्या वर.

हे आकडे शेजारी ठेवले की ‘बालेकिल्ला’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो. वर्तमानपत्रांनी सांगोल्याचं वर्णन कायम एका माणसाची गोष्ट म्हणून केलं: एसटीने फिरणारा आमदार, साधं घर, एकच पक्ष, एकच झेंडा. हे सगळं खरंच आहे. पण अकरा विजयांच्या मागे अर्धा तालुका सतत विरोधात उभा होता आणि तोही तितकाच निष्ठावान होता, ही बाजू त्या वर्णनात येत नाही. माझ्या मते सांगोल्याचं राजकारण समजायचं तर सुरुवात या विरोधातल्या अर्ध्या तालुक्यापासून करायला हवी.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. सांगोल्यात त्यांनी वकिली केली आणि 1962 मध्ये विधानसभेत पोहोचले. 1967 ला पुन्हा आले. 1972 च्या इंदिरा लाटेत काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे पाटलांकडून हरले, साळुंखे यांच्या निधनानंतर 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1978, 1980, 1985, 1990 या निवडणुका त्यांनी ओळीने जिंकल्या. 1995 चा खंड पडला आणि 1999 पासून 2014 पर्यंत पुन्हा चार विजय. शेवटच्या निवडणुकीत ते पंचाऐंशी पार केलेले होते आणि तरी पंचवीस हजारांच्या फरकाने जिंकले. 30 जुलै 2021 रोजी ते गेले. या जवळजवळ साठ वर्षांत सत्तेचा काळ अगदी थोडा: 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात काही काळ. बाकी सगळी वर्षं विरोधी बाकावर.

त्यांचा पक्ष मात्र या काळात आटत गेला. शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने 1948 मध्ये उभा राहिलेला शेकाप काँग्रेसला खरा पर्याय ठरेल, असं एके काळी वाटत होतं. पुढे हे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. 1967 मध्ये विधानसभेत या पक्षाचे 19 आमदार होते, 2004 मध्ये दोन. पश्चिम महाराष्ट्रात त्याचा पाया खचला त्याला बरीच कारणं देता येतात. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण सहकारी साखर कारखाना हे आहे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात बहुजन समाजातली कर्ती माणसं कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती यांच्या संचालक मंडळांत सामावली गेली. ज्या शेतकऱ्याच्या बाजूने शेकाप बोलत होता, त्याला काँग्रेसने सभासद करून घेतलं. मग मोर्चा काढायचा कुणाविरुद्ध?

सांगोल्यात हे घडलं नाही, कारण सांगोल्यात ऊस नव्हता. माणनदी बहुतेक वर्षं कोरडी, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. सोलापूर जिल्ह्यातच आजूबाजूला पाहा. अकलूजला मोहिते पाटील, माढ्याला शिंदे, पंढरपूरला परिचारक, सगळ्यांच्या राजकारणाच्या मुळाशी कारखाना. उसाचा शेतकरी तोडणीच्या चिठ्ठीसाठी, उचलीसाठी, बिलासाठी कारखान्याकडे पाहतो आणि मत देताना ते विसरू शकत नाही. सांगोल्यातही कारखाना काढला गेला, पण तो धड चालला नाही, पुढे कित्येक वर्षं बंदच होता. त्याच्या जिवावर कुणाला तालुका मुठीत ठेवता आला नाही. दुष्काळाने या तालुक्याची माणसं मुंबई-पुण्याला पाठवली, जनावरं छावणीत नेली. पण त्याच दुष्काळाने त्यांना साखरसम्राटापासून वाचवलं. असं लिहिताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं. भुकेचं कौतुक करण्याची हौस नाही, पण राजकीय परिणाम म्हणून तो नोंदवायलाच हवा.

इथे आमदाराकडे मागायचं काय, तर रोजगार हमीचं काम, टँकर, चारा आणि पिण्याचं पाणी. या मागण्या तहसीलदाराच्या दारात आणि विधानसभेत भांडून पदरात पाडून घ्यायच्या असतात, संचालक मंडळात बसून नाही. विरोधी आमदाराला हे काम करता येतं, किंबहुना तोच ते जास्त मोकळेपणाने करतो. ऐंशीहून जास्त गावांना पाणी देणारी शिरभावीची प्रादेशिक योजना, शेतकरी सहकारी सूतगिरणी, टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या साथीने भरलेल्या पाणी परिषदा, हा सगळा व्यवहार मागण्यांच्या राजकारणाचा आहे. सूतगिरणी ही संस्थाच होती, तिथेही नोकऱ्या होत्या, म्हणजे शेकापही अगदी निरिच्छ नव्हता. पण एका सूतगिरणीच्या नोकऱ्या आणि तालुकाभरच्या उसाचं बिल यांत मोठं अंतर आहे.

दुसरं, जास्त सोपं स्पष्टीकरण जातीचं. सांगोल्यात धनगर समाज मोठा, गणपतराव धनगर, विषय संपला, असं टीव्हीवरच्या चर्चेत दोन वाक्यांत उरकलं जातं. जात इथे नाही असं कोण म्हणेल? उमेदवारी ठरवताना, गावची बूथ कमिटी नेमताना, निकालानंतर मतांचा हिशोब मांडताना ती असतेच. पण धनगर समाज माण, माळशिरस, आटपाडी, जत इथेही मोठा आहे. तिथे शेकापचा लाल बावटा असा साठ वर्षं टिकला नाही. उलट नुसती संख्याच निर्णायक असती, तर शहाजीबापूंना दोनदा जिंकता आलं नसतं. मराठा, माळी, दलित, लोणारी, रामोशी या सगळ्या समाजांची मतं दोन्हीकडे विभागली गेल्याशिवाय लाखभर मतांची लढत दोनशे-आठशे मतांवर येऊन थांबत नाही. गावागावांत ‘आबांचा गट’ आणि ‘बापूंचा गट’ असे दोन गट, त्यांच्या ग्रामपंचायती, त्यांच्या सोसायट्या. एकाच भावकीतलं एक घर इकडे आणि दुसरं तिकडे. जातीची बेरीज करणाऱ्यांना भावकीची ही वजाबाकी दिसत नाही.

लोकसभेकडे पाहिलं की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. 2009 पूर्वी सांगोला पंढरपूर या राखीव लोकसभा मतदारसंघात होता. तिथून काँग्रेसचे संदीपान थोरात वर्षानुवर्षं निवडून येत, पुढे 1999 आणि 2004 मध्ये रामदास आठवले आले. पुनर्रचनेनंतर सांगोला माढ्यात गेला आणि शरद पवार, विजयसिंह मोहिते पाटील, भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर, धैर्यशील मोहिते पाटील असे चार निवडणुकांत चार खासदार झाले. यातला एकही शेकापचा नाही. म्हणजे विधानसभेला लाल बावट्याचं बटण दाबणारा माणूस लोकसभेला वेगळा हिशोब करत होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. मला यात मतदाराचा शहाणपणा दिसतो. दिल्लीला कोण जातं याने त्याच्या टँकरच्या फेऱ्या बदलत नव्हत्या.

आता जो मुद्दा आबासाहेबांचे चाहते सहसा टाळतात, त्याकडे येतो. सांगोल्याला मोठ्या योजनेचं पाणी इतक्या उशिरा का आलं? विरोधक म्हणत आले की आमदार कायम विरोधी बाकावर, मग सरकार पाणी कशाला देईल? या आरोपात वजन आहे, पण इतिहास वेगळंच सांगतो. कृष्णा खोऱ्याच्या कामांना खरा जोर आला तो 1995 नंतरच्या युती सरकारच्या काळात. मनोहर जोशींचं सरकार अपक्ष आमदारांच्या टेकूवर उभं होतं, त्यांची पाण्याची मागणी त्याला टाळता येत नव्हती. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेलं पाणी 2000 सालच्या आत अडवलं नाही तर हातचं जाईल, ही भीती होती. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि टेंभूला मान्यताही त्याच काळातली. तेव्हा सांगोल्याचा आमदार काँग्रेसचा, म्हणजे विरोधीच होता आणि गणपतराव तर सभागृहातच नव्हते. योजना मंजूर झाली ती राज्याच्या पातळीवरच्या गरजेतून. त्यामुळे आपल्या आमदाराच्या पक्षावरून पाण्याची वेळ ठरते, हे दोन्ही गटांना सोयीचं असलेलं सूत्र निदान टेंभूपुरतं तरी खोटं पडतं. पुढची कित्येक वर्षं निधीअभावी कालवे अर्धवट राहिले, तेव्हा मात्र सतत मागे लागणारा माणूस लागला आणि तो गणपतरावांच्या रूपाने तिथे होता. मंजुरीचं श्रेय त्यांना देणारे आणि उशिराचा दोष त्यांना देणारे, दोघेही त्यांची ताकद फुगवून सांगतात.

मधल्या काळात तालुका बदलला. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून इथे डाळिंब रुजलं. आधी गणेश, मग भगवा. कमी पाण्यात ठिबकवर येणारं, व्यापारी बांधावर येऊन रोख पैसे देऊन नेणारं पीक. ज्याच्या बापाने रोजगार हमीवर खडी फोडली, त्याच्या अंगणात ट्रॅक्टर आला, शेतात शेततळं आलं. हा शेतकरी कारखान्याचा मिंधा नाहीच, पण तो रोजगार हमीच्या आमदाराचाही पूर्वीइतका ऋणी नाही. तेल्या, मर आणि 2021-22 मध्ये खोडकिडीने बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्या, तेव्हा त्याचे प्रश्न विमा, औषधं, कर्ज आणि निर्यातीचे होते. या प्रश्नांवर शेकापकडे जुन्या दुष्काळी परिषदेइतकी धारदार भाषा नव्हती. खरं तर कुणाकडेच नव्हती. 2019 च्या 768 मतांमागे वारसाचा घोळ आहे, तसा हा बदलही आहे असं मला वाटतं.

वारसाचा घोळ असा. गणपतरावांनी वयामुळे थांबायचं ठरवल्यावर पक्षाने आधी भाऊसाहेब रुपनर यांचं नाव पुढे केलं. ते घराबाहेरचे होते. कार्यकर्त्यांनी नाराजी दाखवली आणि उमेदवारी नातवाकडे गेली. घराणेशाहीविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या पक्षात घराण्याची मागणी वरून आली नाही, ती गावातल्या कार्यकर्त्यांकडून आली. याला नुसतं नावं ठेवून चालणार नाही. राज्यात ज्या पक्षाचा आधार उरलेला नाही, त्याच्या कार्यकर्त्याला दोन गटांच्या झुंजीत आपला गट एकत्र ठेवायचा असतो आणि त्यासाठी आडनावाइतकं खात्रीचं साधन त्याच्याजवळ दुसरं नसतं. विचार टिकवायला संघटना लागते, ती नसली की घर पुढे येतं. तरीही हे पक्षाचं अपयश आहे. साठ वर्षांत दुसरी फळी उभी राहिली नाही, याची जबाबदारी थोरपणाच्या आड लपवता येणार नाही.

2022 च्या जूनमध्ये शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीला गेले आणि तिथून कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना झाडी, डोंगर आणि ‘हाटील’ यांचं जे वर्णन केलं, त्याने सांगोल्याची माणदेशी बोली रातोरात महाराष्ट्रभर पोहोचवली. लोक हसले, गाणी झाली. शहरी वाचकांनी त्यांना विनोदी पात्र ठरवून टाकलं. तीस वर्षं एकाच प्रतिस्पर्ध्याशी झुंजलेला, पडत-उठत राहिलेला हा राजकारणी त्या हशात कुणाला दिसलाच नाही. सत्तेत गेल्यावर त्यांनी मतदारसंघात निधी आणल्याचा प्रचार जोरात केला. ‘सत्तेतला आमदार हवा’ हा त्यांचा जुनाच मुद्दा आता प्रत्यक्ष कसाला लागणार होता.

2024 मध्ये तो चालला नाही. गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सुमारे पंचवीस हजारांच्या फरकाने निवडून आले. राज्यभर महायुतीची लाट असताना सत्ताधारी आमदार पडला, म्हणून ‘बालेकिल्ला परत मिळाला’ असे मथळे आले. पण मतं मोजून पाहा. देशमुखांना एक लाख सोळा हजारांच्या आसपास, शहाजीबापूंना नव्वद हजार आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे दीपक साळुंखे यांना पन्नास हजार. दोन्ही पराभूतांची बेरीज विजेत्यापेक्षा बरीच पुढे जाते. साळुंखे एके काळी गणपतरावांसोबत होते, 2019 ला शहाजीबापूंसोबत, या वेळी स्वतंत्र. महाविकास आघाडीत शेकाप घटक पक्ष असूनही ठाकरे गटाने तिथे उमेदवार दिला, यावरून तेव्हा बरीच आदळआपट झाली. शेकापला अपमान वाटलेली तीच गोष्ट कदाचित त्याच्या पथ्यावर पडली. साळुंखेंची सगळी मतं शहाजीबापूंकडे गेली असती असं नाही, पण निम्मी गेली असती तरी निकाल उंबरठ्यावर आला असता.

आता 288 जणांच्या सभागृहात शेकापचा हा एकच आमदार आहे. त्याचे आजोबा विरोधी बाकावर बसत तेव्हा पाठीमागे कधी डझनभर, कधी अर्धा डझन माणसं असत, बाहेर रायगडपासून मराठवाड्यापर्यंत मोर्चे निघत. टेंभूचं पाणी शेवटच्या गावांपर्यंत किती आवर्तनांत पोहोचणार, डाळिंबाच्या विम्याचे निकष कोण बदलणार, हे प्रश्न एकट्या आमदाराने नुसते विचारून सुटणारे नाहीत. सत्ताधाऱ्यांकडे जाण्याचा मोह त्याला होईल, न गेल्यास कार्यकर्त्याला होईल. आणि तालुक्यातला दुसरा अर्धा भाग, जो कधीच लाल बावट्याखाली आला नाही, तो पुढच्या उमेदवाराची नावं आतापासूनच मोजत असणार.