जुन्या वेगाचे ओझे

रोबेर मार्शां या फ्रेंच माणसाला तरुणपणी सायकलचे वेड होते. पुढे ते सुटले. अग्निशमन दलातली नोकरी, व्हेनेझुएलात ट्रक चालवणे, कॅनडात लाकूडतोड, मायदेशी परतल्यावर बागकाम अशा पोटामागच्या धावपळीत दशके उलटली आणि वयाच्या ६८व्या वर्षाच्या सुमारास तो पुन्हा सायकलवर बसला. २०१२ मध्ये, शंभरी गाठल्यावर, त्याने ट्रॅकवर एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले. दोन वर्षांनी, १०२ व्या वर्षी, त्याच एका तासात २६.९२७ किलोमीटर.

ही गोष्ट ‘वय हा फक्त आकडा’ छापाच्या उत्साहात सांगितली जाते आणि तिचा खरा कामाचा भाग बाजूलाच राहतो. त्या दोन तासांच्या मधल्या काळात शरीरशास्त्रज्ञ वेरोनिक बिला यांनी मार्शांचा सराव आखून दिला होता. वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर. त्यातले ८० टक्के आरामात, उरलेले २० टक्के दम लागेल असे. त्याच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता त्यातून १३ टक्क्यांनी वाढली. ५,००० किलोमीटर म्हणजे रोजचे सरासरी चौदाच्या आत. शनिवार पेठेतून हडपसरला सायकलने कामाला जाणाऱ्याचे जाऊन-येऊन याहून जास्त होतात, आणि त्याचा कुणी सत्कार करत नाही.

चाळिशी-पंचेचाळिशीत सायकलकडे परतणारा बहुतेक वेळा नेमका उलटा वागतो. रक्तातली साखर काठावर आल्याचे डॉक्टर सांगतात, गिअरची सायकल घरी येते, आणि पहिल्याच रविवारी स्वारी कात्रजच्या घाटाला भिडते. कॉलेजात असताना हा घाट आपण कसा चढायचो, हे डोक्यात पक्के असते. महिनाभरात गुडघा बोलू लागतो. दिवाळीपर्यंत बाल्कनीतल्या त्या सायकलवर टॉवेल वाळत असतात. मग घरातले म्हणतात, चिकाटीच नाही.

हे निदान चुकीचे आहे. तोल सांभाळण्याची कला मेंदू सहसा विसरत नाही. वीस वर्षांनी बसले तरी दोन-चार पायडलांत हँडल सरळ होते. दमाचे तसे नाही. बैठे आयुष्य जगणाऱ्याची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी उतरते. सराव सुरू केला की हृदय-फुप्फुसे काही आठवड्यांत साथ देऊ लागतात, पण स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरांना तयार व्हायला महिने लागतात. घोटाळा या मधल्या काळात होतो. दम पुरतो म्हणून माणूस जोर लावतो आणि गुडघा त्याची किंमत मोजतो. त्यात जुन्या सवयी आड येतात. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवलेली असते, त्यामुळे पायडल तळाशी असतानाही गुडघा नको तितका दुमडलेला राहतो. आणि जड गिअर टाकून रेटणे हेच मर्दपणाचे वाटते. सीट दोन बोटे वर घेतली, हलक्या गिअरवर पाय भराभर फिरवले, तर अशी निम्मी दुखणी उद्भवणारच नाहीत.

म्हणजे परतणाऱ्याला कमी पडतो तो संयम. नवशिक्याला मागचे काही आठवत नाही, त्यामुळे चार किलोमीटरही त्याला कमाईच वाटतात. परतणारा मात्र स्वतःच्याच विशीशी शर्यत लावून बसतो. आपण चिकाटी म्हणतो ती दातओठ खाऊन केलेली जिद्द. इथे लागते ती स्वतःला आवरण्याची, पोरे पुढे निघून गेली तरी आपल्या लयीत चालवत राहण्याची.

महाराष्ट्रात रुजलेल्या ‘बीआरएम’ या ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्सची रचना याच स्वभावाला मानवते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. चहा, जेवण, पंक्चर काढणे, सगळे त्या वेळातच. पहिला-दुसरा क्रमांक काढायची पद्धत नाही. साडेसात तासांत आलेला आणि तेरा तासांत आलेला, दोघांचा निकाल एकच. डोक्यावर केस उरलेले नाहीत अशी मंडळी इथे इतक्या संख्येने टिकतात ती त्यामुळेच असावीत. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रॅम’ ही शर्यत जोडीने पूर्ण केली, तेव्हा एक चालवत असताना दुसऱ्याने पाठ टेकायची हाच त्यांच्या मोहिमेचा कणा होता. विश्रांतीही चिकाटीतच मोडते, हे आपल्याकडे पटवून द्यावे लागते.

तरीही सगळा भार माणसाच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे ठरेल. एके काळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आज तिथल्या कित्येक सायकलमार्गांवर दुचाक्या लावलेल्या दिसतात, कुठे हातगाडी उभी असते, कुठे मार्ग चौकाच्या अलीकडेच संपतो आणि सायकलवाला थेट बसच्या पुढ्यात येतो. पहाटे साडेपाचला मोकळ्या हायवेवर शंभर किलोमीटर मारणारा माणूस ऑफिसला मात्र गाडीनेच का जातो, याचे उत्तर त्या चौकात आहे. आठवडाभर सायकल चालवताच येत नसेल, तर रोजच्या चौदा किलोमीटरचा हिशेब जमायचा कसा? मग सगळी हौस रविवारी एकदम भागवली जाते आणि गुडघ्याचे दुखणे तिथूनच सुरू होते.