टिळकांनी केवळ चाल बदलली नव्हती

नाताळ जवळ आला की गाजलेल्या सिनेगीतांच्या चालींवर येशूजन्माचे शब्द बसवलेली रील्स फिरू लागतात. उपवासकाळात क्रूसाच्या वाटेचे व्हिडिओ येतात आणि त्यांना पार्श्वसंगीत असतं त्या आठवड्यात सर्वांत जास्त वापरल्या गेलेल्या ऑडिओचं. मंडळ्यांमधून आणि धर्मग्रामांमधून तरुणांसाठी शिबिरं भरतात. कॅमेरा कसा धरावा, पहिल्या तीन सेकंदांत प्रेक्षकाला कसं थांबवावं, हे तिथे शिकवलं जातं. हे शिकण्यात गैर काहीच नाही. मला खटकतं ते त्यामागचं समर्थन. कुणी शंका काढली की उत्तर मिळतं: फादर स्टीफन्सनी पुराण लिहिलं, रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले, आम्ही रील करतो. पात्र ज्या त्या काळाचं, पाणी तेच.

या वाक्यात चारशे वर्षांचा मराठी ख्रिस्ती अनुभव एका युक्तीपुरता उरतो. लोकांना जे आवडतं ते उचलायचं आणि त्यात आपला संदेश भरायचा. लोकसंस्कृतीशी संवाद म्हणजे एवढंच असेल, तर स्टीफन्स आणि टिळक हे जाहिरातीच्या धंद्याचे पूर्वज ठरतात. ते तसे नव्हते. दोघांत मोठा फरक होता, आणि तो फरक पुसला गेल्यामुळेच आज इंटरनेटवर चर्च बोलतं खूप, पण ऐकत फारसं नाही, असं माझं मत आहे.

स्टीफन्सची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, आयुष्याचा बराच काळ साष्टीत राहिला आणि 1616 साली रायतूरला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या त्यात आहेत. मराठीवरचं त्याचं प्रेम खरं होतं. परक्याने लिहिलेला ग्रंथ म्हणून कौतुक करावं अशी ती रचना नाही, ती मराठी काव्य म्हणून उभी राहते. पण ती कोणत्या गोव्यात लिहिली गेली तेही पाहायला हवं. इन्क्विझिशन 1560पासून सुरू होतं. देवळं पाडली गेली होती आणि नवख्रिस्ती लोकांच्या हातांतून जुनी पुराणं काढून घेतली गेली होती. जुनं वाचायला मनाई केलीत, तर मग आम्हांला दुसरं पुराण का देत नाही, असा प्रश्न खुद्द या ग्रंथातच नवख्रिस्ती विचारतो. म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’ एका रिकाम्या केलेल्या जागेत आलं. ऐकणाऱ्याला नको म्हणण्याची मोकळीक नव्हती. सत्ता पाठीशी असताना लोकांचं रूप घेणं सोपं असतं. ते रूप किती उपरं ठरू शकतं, हे 1684 साली दिसलं. त्याच पोर्तुगीज राजवटीने हुकूम काढून लोकांची भाषाच दडपायला घेतली. स्टीफन्सचं प्रेम त्याचं स्वतःचं होतं, राजवटीने त्याचा फक्त उपयोग केला.

पुढची दोन शतकं मी ओलांडतो. इंग्रजी अमलात अमेरिकन मराठी मिशन आलं, 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं, बाबा पदमनजी लिहिते झाले. या कहाणीबद्दल फारसा वाद नाही. वाद नगरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, जे घडलं त्याबद्दल व्हायला हवा, आणि तो होत नाही.

सर्वसाधारण समजूत अशी आहे की मिशनरी लोक ऑर्गनवर विलायती चालींची भाषांतरित गीतं म्हणवून घेत होते, मग नारायण वामन टिळक आले, त्यांनी टाळ-मृदंग आणला आणि ख्रिस्त मराठी झाला. ही समजूत कालक्रमातच चुकते. ख्रिस्ती कीर्तन नगरमध्ये 1860च्या दशकातच सुरू झालं होतं. कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार उभे राहून पूर्वरंग-उत्तररंग रंगवत होते आणि मिशनला त्याचं वावडं नव्हतं. उलट कीर्तनाला गर्दी जमते हे पाहून मिशनरी खूश होते. टिळकांचा जन्म 1861चा आणि बाप्तिस्मा 1895चा. त्यांच्या हाती आला तोवर देशी साचा चर्चमध्ये रुळून तीसेक वर्षं झाली होती. म्हणजे टिळकांचं नवेपण देशी साच्यात शोधणं फोल आहे.

शिवाय बाप्तिस्म्यानंतरची पहिली काही वर्षं टिळक संतवाङ्मयापासून थोडे दूरच राहिले. कवी ते आधीपासून होते आणि अभंग लिहिणं त्यांना अवघड नव्हतं. लोकांना रुचेल ते उचलायचं एवढाच हेतू असता, तर पहिल्या दिवसापासून त्यांनी ते केलं असतं. ते तुकारामांकडे परत वळले ते अंतरीच्या गरजेपोटी. मिशनने दिलेल्या ईश्वरशास्त्रात ख्रिस्ताविषयी सिद्धान्त भरपूर होते. ख्रिस्ताशी भांडावं, रुसावं, त्याला माउली म्हणून हाक मारावी, यासाठी मात्र शब्द नव्हते. ते शब्द वारकऱ्यांकडे होते. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, अशी कबुली टिळक पुढे उघडपणे देत राहिले. सर्वांच्या नजरेतून निसटतं ते वळण हेच. टिळक लोकांकडे काही पोचवायला गेले नव्हते. आपल्याजवळ जे नाही ते लोकांच्या परंपरेकडे आहे, हे ओळखून ते मागायला गेले होते.

मागायला गेलेला माणूस बदलतो. अभंग घेतला की नाममुद्रा घ्यावी लागते. शेवटच्या चरणात कवीला स्वतःच्या नावानिशी उभं राहावं लागतं, जे म्हटलं त्याची जबाबदारी घ्यावी लागते. टिळकांनी ‘दास’ ही मुद्रा घेतली आणि ती निभावली. अभंग घेतला की सोबत येते ती संगत. तो एकट्याने ऐकवायचा नसतो, ऐकणारा पुढच्या ओळीला गाणारा होतो. आणि अभंग घेतला की समतेचा दावाही येतो, जो त्या परंपरेने स्वतःही पुरता पाळला नव्हता. नगर भागातल्या मंडळीत महार आणि मांग वस्त्यांमधून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. कोकणस्थ ब्राह्मण घरातला कवी त्यांच्या शेजारी बसून भजन म्हणतो तेव्हा भजनाची कसोटी चालीवर लागत नाही. त्या पंगतीत तो जेवतो का, यावर लागते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रां’मध्ये ही कसोटी किती जिवावरची होती ते पानोपानी दिसतं. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळ्याओवळ्याशी मनातल्या मनात झुंजल्या आणि 1900 साली स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या.

या बदलाचा शेवट कुठे झाला हे रीलचं समर्थन करणारे सांगत नाहीत. टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी चाकरी सोडली. ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ उभारू लागले. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्या पण ख्रिस्ताच्या मागे चालू पाहणाऱ्यांनाही. पुढे दोन वर्षांच्या आत, 1919 साली ते गेले. दरबार फार टिकला नाही. पण त्याचा अर्थ टिकला. लोकांच्या परंपरेशी मनापासून बोलायला गेलेल्या माणसाला संस्थेतली आपली जागा सोडावी लागली. नुसत्या वेष्टनासाठी ही किंमत कुणी मोजत नाही.

या संवादाने चर्चही बदललं. त्याच मिशनमधले जस्टिन अ‍ॅबट निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून महिपती आणि तुकाराम यांची इंग्रजी भाषांतरं करत राहिले. मिशनरी शिकवायला आला आणि शिकत परत गेला. टिळकांचं चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी 1922 साली नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. पुढे त्याच संघातून 1927 साली व्हेरियर एल्विन भारतात आले आणि गांधींच्या बाजूला उभे राहिले. मला खरा संवाद ओळखण्याची खूण यातच दिसते. ज्याला सांगायला गेलो तो बदलला की नाही, हे देवाच्या हाती. सांगायला गेलेला बदलला का, हे मात्र आपल्याला पाहता येतं.

त्यानंतरचा इतिहास भरभर सांगता येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) कॅथलिक उपासनेची दारं लोकभाषांना उघडली. वसईत मिस्सा मराठीत झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ ही पत्रिका वर्षानुवर्षं चालवली, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं आणि हरित वसईच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले. 93व्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा तिला विरोध झाला. पण उस्मानाबादला 2020च्या जानेवारीत ते व्यासपीठावर आले आणि मराठी वाचकाने त्यांना आपला माणूस म्हणून ऐकलं. हा विश्वास कुठल्या मोहिमेने मिळाला नव्हता. वसईची शेतं, पाणी आणि माणसं यांच्यासाठी ते कित्येक वर्षं इतरांबरोबर उभे होते, त्याची ती परतफेड होती.

आता आजच्या पडद्याकडे येतो. लोकप्रिय चाल घेतली म्हणून मी कुणाला दोष देणार नाही. चाली नेहमीच इकडून तिकडे गेल्या आहेत. आमच्या रील्समध्ये चाल येते, तिच्याबरोबरची जबाबदारी येत नाही, हे माझं दुखणं आहे. अभंगाला नाममुद्रा होती. आमच्या कित्येक पानांवर बोलणारा कोण हेच कळत नाही, संस्थेचं चिन्ह तेवढं दिसतं. अभंगात ऐकणारा गाऊ लागे. आमच्याकडे कॉमेंट बंद असतात.

कॉमेंट बंद ठेवण्यामागची भीती मी समजू शकतो. गेल्या काही वर्षांत ख्रिस्ती नावाने काहीही टाकलं की खाली धर्मांतराचे आरोप, शिव्या आणि धमक्या येतात. ज्या पाळकाच्या मागे दहा-वीस घरांची मंडळी आहे त्याने सावध असावं यात भित्रेपणा नाही. पण खाली येणारे सगळे प्रश्न शिव्या नसतात. तुमच्या चर्चमध्ये जात आहे का, असं विचारणारा तरुण त्यात असतो. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवलं, मग तुमची मंडळी त्यावर काय म्हणते, असं विचारणारी विद्यार्थिनी असते. चर्चमधल्या अत्याचारांच्या बातम्या वाचून आलेली आई असते. आमची रील्स यांतल्या एकाही प्रश्नाला शिवत नाहीत. सूर्योदय, कबुतर, मेणबत्ती आणि एक वचन, एवढ्यावर व्हिडिओ संपतो. पाहणाऱ्यांचा आकडा वाढतो आणि तो आकडाच आशीर्वाद म्हणून वार्षिक सभेत वाचला जातो.

याच्या उलट टोकालाही एक गर्दी आहे. काही जण इतर धर्मांच्या प्रवचनकारांचे तुकडे कापून त्यांना ‘सडेतोड उत्तर’ देणारे व्हिडिओ काढतात आणि त्याला साक्ष म्हणतात. हा संवाद नाही, ही प्रेक्षकांची मागणी पुरवणं आहे. टिळकांनी तुकारामांना हरवण्यासाठी वाचलं असतं, तर त्यांच्या हाती एकही अभंग लागला नसता.

व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने 2023 साली समाजमाध्यमांवर एक चिंतन प्रसिद्ध केलं. दयाळू शमरोनी माणसाच्या दाखल्यावर ते बेतलेलं आहे. वाटेत जखमी पडलेल्याला पाहून पुढे जाणारे आणि थांबणारे, असा त्याचा गाभा आहे. मोबाइलवर अंगठा सरकवत पुढे जाण्याची सवय लागलेल्या काळात हा दाखला निवडला गेला याचा मला आनंद वाटतो. पण आपल्याला त्यासाठी रोमकडे पाहण्याची गरज नव्हती. तोच धडा नगरने आणि साताऱ्याने शंभर वर्षांपूर्वी दिला होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या मंडळीला इंटरनेटवर बोलायचं आहे तिने बोलणाऱ्याचं नाव लिहावं. पाच जण नेमावेत, त्यांनी रोज येणारे प्रश्न वाचावेत आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसं लिहावं. शिवीगाळ काढून टाकावी, कडवा प्रश्न ठेवावा. महिन्यातून एकदा तरी आपल्याच माणसांचं जगणं दाखवावं, मग तो शेतमजुरीचा दर असो, दफनभूमीच्या जागेचा तंटा असो की जातीच्या दाखल्यासाठी घातलेले हेलपाटे असोत. मराठी ख्रिस्ती घरांत जी गीतं, ज्या ओव्या, जी बोली अजून जिवंत आहे तिला पडद्यावर आणावं, कारण उसन्या चालीपेक्षा ती कितीतरी मराठी आहे. आणि ज्या लोकप्रिय कलाकृतीबद्दल बोलायचं ती आधी नीट पाहावी. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या गाण्यावर नाचून घ्यायचं आणि तो सिनेमा जातीबद्दल जे विचारतो त्याला उत्तर द्यायचं नाही, हे चर्चला शोभत नाही. तो प्रश्न आमच्या लग्नांनाही लागू आहे.

यातून व्ह्यूज कदाचित घटतील. टिळकांचा दरबारही मोठा झाला नव्हता. पण ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडून आजही मंडळ्या टिळक गातात, आणि ‘स्मृतिचित्रे’ ख्रिस्ती नसलेली घरं आपलं पुस्तक म्हणून जपतात. टिळक आणि लक्ष्मीबाई या दोघांनी लोकांकडून फक्त रूप घेतलं नव्हतं. लोकांचे प्रश्न, त्यांची भाषा आणि त्यांचा न्याय त्यांनी स्वतःवर लागू होऊ दिला होता. तेवढी तयारी असेल तर कुठलंही माध्यम चालेल. ती नसेल तर टिळकांचं नाव घेण्याचा हक्क आपल्याला नाही.