मित्राच्या लेखाला काय म्हणावे?

'छान जमलंय' हे दोन शब्द उच्चारायला फार सोपे. शिवाय ते न वाचलेल्या लेखालाही चालतात! म्हणूनच मित्राने आपले लिखाण पुढे केले की मला या शब्दांची भीती वाटते. त्यांत स्तुती थोडी आणि सुटका अधिक असते.

आमच्या चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात तपासणी हा कितीतरी घरांच्या पोटापाण्याचा धंदा आहे. गेजात न बसणारा नग बाजूला काढला, तर तो रुसत नाही. लेखाला मात्र लेखक चिकटलेला असतो.

आम्ही भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी. एकाचा लेख दुसऱ्याने तपासावा, असा वर्गात नियम निघाला आणि माझ्या वाट्याला आला तो एका जिवलग मित्राचा लेख. विषय बोरीची राख. चाकणवरून नाशिक रस्त्याने नारायणगाव ओलांडले की जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी हे बोरी गाव लागते. तेथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारेही सापडली आहेत. आपला काळा कातळ ज्वालामुखीचाच खरा, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. ही राख त्या मानाने कालपरवाची, आणि दूर सुमात्रातील टोबाहून आलेली मानली जाते. राखेचे वय ठरले की हत्यारांच्या वयाचा अंदाज बांधता येतो. सारी मौज, आणि सारे भांडण, तेथेच आहे.

मित्राने लिहिले होते : राख चौदा लाख वर्षांची, हे सिद्ध झाले आहे.

१९८९ साली तसा निष्कर्ष खरोखरच प्रसिद्ध झाला होता. पण १९९३ साली दुसऱ्या अभ्यासकांनी ती टोबाच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची मानली, आणि १९९५ साली नव्या मोजणीने वय ६ लाख ७० हजारांच्या आसपास आले. मित्राने यांतला सर्वांत मोठा आकडा उचलला. का, ते मला ठाऊक होते. त्याचे आजोळ त्या बाजूचे आहे.

आता मैत्रीखातर माप ढिले करावे काय? मला ते पटत नाही. ढिल्या मापाने मोजणे म्हणजे खरे बोलणे याला झेपणार नाही असे परस्पर ठरवून टाकणे, आणि मित्राचा याहून मोठा अपमान मला सुचत नाही. पण उलट बाजूही आहे. चौदा लाख हा आकडा चूक, असे तरी मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी काही ती राख मोजलेली नाही! विचार करता करता माझी तक्रार एका शब्दापुरती उरली. 'सिद्ध' या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिले : तिन्ही आकडे दे, आणि तुला कोणता का पटतो ते सांग. नदीकाठच्या थरांचे त्याचे वर्णन अस्सल होते. तेथेही, कोणते वाक्य आणि का, ते लिहिले. मोघम स्तुती लाचेसारखी वाटते.

दोन दिवस स्वारी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आला तो कुरकुरतच.

"आजोळी सगळ्यांना चौदा लाख सांगून बसलोय रे. आता आजीला काय सांगू?"

"तिन्ही सांग."

"तू चल बरोबर. तूच सांग."

येत्या रविवारी आम्ही दोघे बोरीला निघालो आहोत.