वळणाचा वेग

मोहोपाड्याजवळून पाताळगंगा वाकून जाते. उन्हाळ्यातही ती वाहते, कारण १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरातून सुटलेले पाणी तिला मिळते. घाटमाथ्यावर अडवले नसते तर हे पाणी बंगालच्या उपसागराला गेले असते. आता धरमतरच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. दिशा दुसऱ्याने ठरवली तरी वळणे ज्याची त्यालाच घ्यावी लागतात.

वळणाच्या बाहेरचा काठ खचतो, आतल्या काठाला गाळ बसतो. एकाची जमीन जाते, समोरच्याला मळई मिळते. १९६६च्या महसूल संहितेत दोन्हींची तजवीज आहे. ज्याला मिळते त्याला नदी शांत वाटते.

अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीमला काठच नाहीत. तरी अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे केप हॅटरस मागे पडले की तो प्रवाह वळणे घेऊ लागतो, आणि ती वाढत जातात. वळायला अडथळा लागतो, ही समजूत काठावरच्यांची.

तिथे पाणी सेकंदाला दोन मीटरपर्यंत धावते. वळण मात्र दिवसभरात काही किलोमीटर सरकते. माणसे पहिला वेग मोजतात: बढत्या, बदल्या, घरे. दुसरा मोजायचा तर एका जागी बसून राहावे लागते. तेवढा वेळ आपल्याला कोणी देत नाही. आई देते, तिला विचारायचे मात्र राहून जाते.

समुद्रात हे एका जागी बसून मोजायचे काम तळाशी ठेवलेली यंत्रे करतात. यंत्र वर ध्वनी सोडते आणि पृष्ठभागावरून परतलेला ऐकते. उबदार पाण्यातून तो लवकर येतो, गार पाण्यातून उशिरा. त्या सूक्ष्म फरकावरून माथ्यावरचे वळण कुठवर पोचले ते कळते. प्रवाहाला धक्का लागत नाही. चौकशी करणाऱ्या माणसांना हे क्वचितच जमते.

मोजल्यावर दिसले ते असे: आखूड वळणे झपाट्याने पुढे जातात, लांब वळणे रेंगाळतात. रुसवे जातात. अबोला हलत नाही.

वाढता वाढता एखादे वळण गळ्याशी जुळते आणि तुटते. दक्षिणेला सुटलेल्या भोवऱ्याच्या पोटात उत्तरेचे गार पाणी असते. परक्या उबेत ते महिनोन्‌महिने फिरते, आपला गारवा थोडा थोडा गमावत. असे बरेच भोवरे पश्चिमेकडे सरकत शेवटी मूळ प्रवाहालाच मिळतात. प्रवाह तोवर दुसऱ्या वळणावर असतो.