खाटेजवळचा पाळक

प्रॉटेस्टंट मंडळीत पाळकाची दीक्षा आयुष्यभराची असते, नेमणूक मात्र वयाला बांधलेली. निवृत्तीच्या दिवशी वेतन थांबते, व्यासपीठ जाते आणि पाळकाचा बंगलाही सोडावा लागतो, कारण तो मंडळीच्या मालकीचा असतो. ज्याने आयुष्यभर बदलीच्या घरांत संसार केला, त्याला पुणे शहरात घर घेणे झेपत नाही. मग लोणावळा लोकलच्या मार्गावरचे, देहूरोड आणि घोरावाडी यांच्यामधले बेगडेवाडीसारखे ठिकाण आवाक्यातले वाटते. दीक्षा मात्र त्याच्याबरोबर तिथेही येते. कवी आणि पाळक नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. नोकरी संपली म्हणून सेवा संपत नाही, याचे मराठी ख्रिस्ती समाजातले हे ठळक उदाहरण.

निवृत्त पाळकाला उरलेल्या कामांपैकी सर्वांत अवघड काम रुग्णालयातले. मराठी मुलुखात त्याची सुरुवात मिशनच्या दवाखान्यांतून झाली. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले, आणि पुढे ते शस्त्रक्रियेसाठी दूरवर प्रसिद्ध झाले. अशा दवाखान्यांत औषधाबरोबर उपदेशही असे. तपासणीआधी उपासना, वॉर्डात बायबलचे वाचन. यावर आक्षेप आले. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ च्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट वापर कायद्याने बंद करावा, अशी शिफारस केली. समितीच्या एकूण सुरावर मतभेद होऊ शकतात, पण या मुद्द्यात तथ्य होते. प्रवचन नकोसे झाले तर देवळातला माणूस उठून जातो. सलाईन लावलेला माणूस कुठे जाणार?

रुग्णालयातल्या पाळकाचे, म्हणजे चॅप्लेनचे, आजचे शास्त्र याच अडचणीतून वाट काढते. अमेरिकेतले अँटन बॉइसन हे धर्मगुरू १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाले होते. १९२५ मध्ये वूस्टरच्या मनोरुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये आणून बसवले. ग्रंथांइतकाच जिवंत माणूसही वाचावा लागतो, हा त्यांचा आग्रह. पुढे या शिक्षणात एक कडक रीत रुजली: भेटीनंतर झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहायचे आणि ते सहकाऱ्यांपुढे तपासायला ठेवायचे. आपण रुग्णाचे वाक्य कुठे तोडले, त्याच्या भीतीवर घाईने वचन कुठे चिकटवले, हे कागदावर उघडे पडते. चाळीस वर्षे प्रवचन केलेल्या माणसाला ही परीक्षा जड जाते. बोलणे हेच त्याचे कसब असते आणि इथे नेमके तेच आवरावे लागते.

म्हणूनच निवृत्ती या कामाला पोषक ठरू शकते. मंडळीचे हिशेब, निवडणुका, जमिनीचे दावे यांतून तो सुटलेला असतो. सभासद वाढवून दाखवायचे नसतात. शिवाय म्हातारपणामुळे दुखणे त्याच्याही घरचे झालेले असते. मात्र वय हे प्रशिक्षण नव्हे. सांत्वनाची सवय झालेला माणूस खाटेजवळ उपद्रवीही ठरतो.

मुंबईत १९८६ मध्ये मरणासन्न कर्करुग्णांसाठी शांती आवेदना सदन सुरू झाले, पुण्यात १९९७ मध्ये सिप्लाचे वेदनाशामक सेवा केंद्र. अशा ठिकाणी मरणाऱ्याच्या मनातले प्रश्न हा उपचाराचाच भाग मानतात. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रणेत्या सिसिली सॉन्डर्स यांनी मांडलेल्या ‘समग्र वेदने’त शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा ही चारही अंगे येतात. साध्या रुग्णालयात मात्र हा भार नातेवाइकांवर आणि रात्रपाळीच्या नर्सवर पडतो. डॉक्टरने वाईट बातमी दिल्यावर व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या मुलाशी बोलायला कोणी नसते.

ही जागा निवृत्ताच्या परोपकारावर सोडणे योग्य नाही. रुग्णालयाने त्याला नेमावे, प्रशिक्षण द्यावे, मानधन द्यावे आणि मर्यादाही लेखी घालून द्याव्यात: रुग्णाच्या परवानगीशिवाय प्रार्थना नाही, पत्रके वाटणे नाही, ऐकलेले बाहेर सांगणे नाही. रुग्ण दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याला हवा तो माणूस बोलावून आणणे हेही चॅप्लेनचेच काम. बेगडेवाडीपासून देहू जवळ आहे. तिथल्या वारकऱ्याने शेवटच्या दिवसांत हरिपाठ ऐकायची इच्छा सांगितली, तर पाळकाने म्हणणारा शोधून आणावा आणि त्याच्यासाठी खाटेजवळची खुर्ची मोकळी करावी.